सांभाळावे आणि सोपवावे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सायंकाळी पाळणा होतो, सुंठवडा हातावर पडतो आणि आपण मूर्तीपुढे उभे राहतो. त्रिमुखी दत्तप्रभू, मागे गाय, पायाशी चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वेदांना दारोदार फिरणाऱ्या जीवाचं रूप दिलं, यात काही सांगणं असलंच पाहिजे. मला त्यातून एवढंच कळतं की ज्ञान महाराजांच्या पायाशी, धुळीत बसलेलं आहे. वाकल्याशिवाय ते हाती लागत नाही.

आता दर्शन घेऊन बाहेर या. चपलांच्या कट्ट्याशी एक कुत्रं अंग चोरून बसलेलं असतं. खरजेनं केस गेलेले, कानात गोचिडं, मागचा एक पाय उचललेला. कोणी त्याला ‘हाड’ म्हणतं. कोणी कळवळून हातातला पेढा टाकतं आणि घरी जातं. हाकलण्यापेक्षा हे बरं, यात शंका नाही. पण पेढा टाकणाराही दोन मिनिटांत मोकळा झाला. त्या जीवाची रात्र होती तशीच राहिली.

आपल्या वाडवडिलांनी या जीवाचा हक्क मानलेला होता. वैश्वदेवात भूतयज्ञ आहे, श्राद्धात गाईचा, कावळ्याचा तसा श्वानाचाही घास वेगळा निघतो. महाभारताच्या आरंभीच सरमा येते. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिल्लाला विनाकारण मार बसला, तेव्हा ती आई राजाच्या यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते आणि राजा निरुत्तर होतो. आणि शेवटाकडे धर्मराज स्वर्गाच्या दारात उभे राहून सांगतात की आश्रयाला आलेल्या कुत्र्याला टाकून मी आत येणार नाही. एवढा थोर ग्रंथ, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक कुत्रं आहे बघा.

धर्मराजांचा शब्द नीट ऐका. ‘आश्रयाला आलेला.’ घास देणं वेगळं आणि आश्रय देणं वेगळं. आश्रयाला वेळ लागतो.

मुळात प्रत्येक कुत्र्याला उचलून आणायचं नसतं. गल्लीत रुळलेलं, धडधाकट कुत्रं आपल्या जागी सुखी असतं. त्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याला पुन्हा त्याच जागी सोडावं, हेच २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचं सूत्र आहे. कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसला, तर हे काम झालेलं आहे असं समजावं. घराची गरज असते ती आई गमावलेल्या पिल्लांना, अपघातात अधू झालेल्यांना, आणि म्हातारं झालं किंवा बदली झाली म्हणून मालकानं रस्त्यावर सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांना. या शेवटच्यांचे हाल तर बघवत नाहीत. ती ज्या जागी सोडली तिथेच बसून प्रत्येक गाडीकडे मान वर करतात.

अशा जीवाला पाठलाग करून धरू नये. रोज ठरल्या वेळी, ठरल्या भांड्यात अन्न ठेवावं आणि थोडं बाजूला, अंग वळवून बसावं. डोळ्यांत रोखून बघू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. कधी चार दिवस लागतात, कधी महिना. मग जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन जंताचं औषध, खरजेवर उपचार, लसी. नव्या पिल्लाला दोनेक आठवडे घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, कारण पार्व्होसारखा रोग पिल्लांना बघता बघता नेतो. पिल्लू आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नये. पुढे पट्ट्याची सवय, जिन्याची सवय, कुकरच्या शिट्टीची सवय. मार खाल्लेलं कुत्रं हातात केरसुणी दिसली तरी कोपऱ्यात दबतं. एक दिवस मात्र ते आपल्यासमोर पाठीवर लोळून पोट उघडं टाकतं. तो त्याचा विश्वास. जपाला बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: नेम तोच, जागा तीच, वेळ तीच आणि फळाची घाई नाही.

आणि इथेच खरी परीक्षा सुरू होते. ते बरं झालं, लाडकं झालं, आता त्याला दुसऱ्याच्या घरी द्यायचं.

भागवतात राजा भरताची कथा आहे. राज्य सोडून गंडकीकाठी तप करणाऱ्या या राजर्षीनं पाण्यात वाहून जाणारं हरणाचं पाडस वाचवलं. पुढे त्याच्यात जीव इतका गुंतला की नेम सुटला, ध्यान सुटलं, अंतकाळी तेच डोळ्यांपुढे आलं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. कोणी म्हणतात, बघा, दयेनं घात केला. नाही हो! पाडस बुडू देणं हा काही धर्म नव्हता. घात केला तो ‘माझं’ या शब्दानं. आपल्या अवधूतांच्या चोवीस गुरूंत कुत्रा नाही, पण कपोत आहे. पिल्लांच्या मोहानं जाळ्यात शिरलेलं ते कबुतर महाराजांना हेच शिकवून गेलं.

म्हणून जखमी जीवाला जवळ घेणं, बरं करणं आणि मग योग्य हाती सोपवणं, यात करुणा आणि वैराग्य दोन्हींची साधना एकत्र होते. एकाला पाठवलं, की दुसऱ्यासाठी जागा रिकामी होते. सगळीच ठेवून घेतली, तर चौथ्या-पाचव्यानंतर ना त्यांचे नीट होतं, ना आपलं.

सोपवायचं म्हणजे वाटेल त्याला नव्हे. मुलीचं स्थळ बघावं तसं बघावं. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? यात्रेला गेल्यावर कोण बघेल? घरमालकाची हरकत नाही ना? आधी त्यांच्या घरी जाऊन यावं, महिनाभर विचारपूस करावी, आणि ‘नाहीच जमलं तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडे परत आणा’ हा शब्द घ्यावा. गावठी म्हणून कोणी नाक मुरडलं, तर सांगावं की आपल्या उन्हापावसाला हेच कुत्रं सर्वांत चांगलं टिकतं.

‘आता या वयात आम्हाला काय जमणार?’ असं आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. पिल्लू बारा-तेरा वर्षं जगतं, तेव्हा सत्तरीत पिल्लू आणू नये हे बरोबरच आहे. पण घर मिळेपर्यंत महिना-दोन महिने एखादं शांत, मोठं कुत्रं अंगणात सांभाळणं जमतं. औषधाचा खर्च उचलणं जमतं. नातवंडांना दगड मारू न देणं तर नक्कीच जमतं. सोवळ्याची अडचण असेल तर देवघराचं दार लावून घ्यावं. अंगणाचं उघडं असू द्यावं.

दोन गोष्टी मात्र पाळा. कुत्र्याला पेढे, कांदा, आणि शिऱ्यातले मनुका-बेदाणे घालू नका. बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. साधी भाकरी, भात पुरे. तेही मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, दारा-जिन्यापासून लांब. आणि कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. रेबीज उमटल्यावर माणूस वाचत नाही. अंगारा मनाला धीर देतो, तो जरूर लावावा. पण कपाळाला, आणि लस घेतल्यावर.

या उत्सवात महाराजांच्या पायाशी वाकाल, तेव्हा त्या चार श्वानांकडेही क्षणभर बघा. आणि बाहेर येऊन चपला घालताना कट्ट्याकडे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!