पहिलीचा वर्ग कोणत्या भाषेत भरतो?

महामारीत शिक्षणाचे नुकसान मोजताना आपण दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या: घरात स्मार्टफोन आहे का, आणि गावात रेंज येते का. प्रश्न रास्तच होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक राज्यांतल्या गरीब वस्त्यांमध्ये पाहणी केली. तेव्हा ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले जेमतेम ८ टक्के निघाली. ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णच थांबला होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी मेळघाटात जात आले आहे. तिथे मला आणखी एक प्रश्न टोचत राहिला. फोन आला, रेंज आली, तरी त्यातून येणारा आवाज मुलाला कळणाऱ्या भाषेत होता का?

मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या किती तरी गावांमध्ये घरची भाषा कोरकू आहे. ती संथाली, मुंडारी यांच्या कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही. घरात मराठी पुस्तक नाही, टीव्हीवर लागलाच तर हिंदी कार्यक्रम. मराठी भेटते ती शाळेत. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली माणसे आणि आश्रमशाळेतली मुले तेव्हा गावी येतात. २०२० साली होळी ९ मार्चला होती आणि त्यानंतर काही दिवसांतच शाळा बंद झाल्या. गावी आलेली मुले गावीच राहिली. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग राज्यभर उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला.

याचा हिशेब एका मुलापुरता करून पाहावा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात पहिल्यांदा बसले ते थेट दुसरीत, तेही वर्ष अर्धे सरल्यावर. पुण्यातल्या मराठी घरातल्या मुलाचेही तेवढेच दिवस गेले. पण त्याची अक्षरे शिकायची राहिली, भाषा सुटली नाही. गोष्टी, भांडणे, आजीचे रागावणे, सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका, सगळे त्याला कळत होते. कोरकू मुलाच्या वाट्याला पहिलीचे जे वर्ष येते, त्यात खरे तर मराठी कानावर पडू लागते. तेवढे एक वर्षच त्याच्या हातातून निसटले. नंतर वर्ग भरले तेव्हा त्याच्यासमोर दुसरीचे मराठी पुस्तक होते आणि ‘मुले मागे पडली’ असे सांगणारी चाचणी होती, तीही मराठीतच. त्या दीड वर्षात त्या मुलाने मोहफुले वेचायला जाऊन काय पाहिले, लहान भावंड कसे सांभाळले, आजीकडून काय ऐकले, हे त्याच्या भाषेत विचारले असते तर ते बोलत सुटले असते. ते कोणी विचारले नाही, कारण विचारणाऱ्याला ती भाषा येत नव्हती.

मला वाटते, हा अन्याय महामारीने केलेला नाही. आधीपासूनचा होता, शाळेत मोठी भावंडे दुभाष्याचे काम करतात म्हणून तो झाकला जात होता. तिसरीतली बहीण पहिलीतल्या भावाला कोरकूत सांगते आणि शिक्षकाचा तास पुढे सरकतो. या सांगणाऱ्या मुलींचा उल्लेख कोणत्याही अहवालात नसतो.

त्याच काळात एक चांगली गोष्ट घडली आणि ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ या मोहिमेत काही गावांत बारावी झालेल्या तरुण मुलामुलींनी ओट्यावर, झाडाखाली मुले गोळा केली. पुस्तक मराठी, समजावणे कोरकूत. तसे ठरवून कोणी केले नव्हते; त्यांना दुसऱ्या रीतीने शिकवताच आले नसते. मुले अशी मोकळेपणी हात वर करताना मी त्या भागात क्वचितच पाहिली आहेत. मग शाळा उघडल्या, आणि हे तरुण आपापल्या मजुरीवर परतले.

पालकांचे म्हणणे मात्र वेगळे असते आणि ते बाजूला सारण्याचा अधिकार मला नाही. एका वडिलांनी मला सरळ सांगितले होते, “मॅडम, कोरकू तर घरी येतेच. पोराला मराठी शिकवा, इंग्लिश शिकवा.” तहसील कचेरीत, दवाखान्यात, परतवाड्याच्या बाजारात भाषेपायी त्यांना काय सोसावे लागते ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या पोराला उत्तम मराठी यायलाच हवी. माझे म्हणणे एवढेच की ती कळत्या भाषेच्या आधाराने लवकर आणि पक्की येते. ओडिशात २००६-०७ पासून आदिवासी भाषांमधून प्राथमिक शिक्षण सुरू करून पुढे ओडियाकडे नेणारा कार्यक्रम चालू आहे; तिथे पुस्तकेही त्या भाषांत निघाली. म्हणजे सरकारला हे करता येते.

आपल्याकडचा अनुभव निराळा आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये तिच्यावर ‘अनधिकृत’ म्हणून नोटीस आली, तीही शिक्षणहक्क कायद्याच्या आधारे. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर तशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, हे संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदात १९५६ पासून लिहिलेले आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठरवणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घ्यावा लागला. त्या विरोधाशी मी पूर्ण सहमत होते. सहा वर्षांच्या मुलावर अनोळखी भाषा लादू नये, आधी त्याची भाषा पक्की होऊ द्यावी, असे आम्ही लिहिले, सभांमधून बोललो. त्यातला एकेक युक्तिवाद कोरकू, गोंडी, भिली, पावरी बोलणाऱ्या मुलाला जसाच्या तसा लागू पडतो, आणि तिथे अनोळखी भाषा आपली मराठी असते. मराठीवर माझे प्रेम आहे म्हणूनच तिच्या नावाने एखादे मूल वर्गात वर्षभर गप्प बसावे, हे मला सहन होत नाही.

मेळघाटातल्या अंगणवाडीत आजही सेविका बहुधा गावचीच असते आणि मुलांशी कोरकूत बोलते. तिच्याकडून निघालेले मूल पहिलीत येते तेव्हा तिथेही कोरकू जाणणारे माणूस असावे. महामारीत ओट्यावर शिकवणाऱ्या तरुणांपैकी एकेकाला पहिली-दुसरीच्या वर्गावर मानधनाने नेमावे, नोकरी सांभाळून शिक्षक पदविका करण्याची वाट त्याला खुली ठेवावी, आणि मुलाची पहिली चाचणी त्याच्या भाषेत घ्यावी. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. गावात माणसेही आहेत, आणि शिकवायचे कसे हे त्यांनी करून दाखवले आहे.