घेणाऱ्याचें मौन

विकणाऱ्यानें आपल्या मालांतील दोष झांकूं नये, हें नीतितत्त्व सर्वांस मान्य आहे. दुधांत पाणी घालून विकणाऱ्या गवळ्यास कोणी सज्जन म्हणत नाहीं. परंतु या तत्त्वाची दुसरी बाजू आपण क्वचितच तपासून पाहतों. मालांत दोष नसून गुणच असेल, तो विकणाऱ्यास ठाऊक नसेल आणि घेणाऱ्यास ठाऊक असेल, तर घेणाऱ्यानें तो सांगावा कीं न सांगावा? कापडचोपडाच्या व्यवहारांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. कारण दुकानदारास आपल्या मालाची पारख गिऱ्हाइकापेक्षां अधिक असते. जमिनीच्या व्यवहारांत मात्र पुष्कळदां उलट घडतें. विकणारा बहुधा जन्मांत एकदांच विकतो. घेणारा अनेक सौदे करून मुरलेला असतो.

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें माझें गांव. जानेवारी २०२० मध्यें साईबाबांचें जन्मस्थान म्हणून या गांवाच्या विकासासाठीं १०० कोटी रुपयांची घोषणा मुख्यमंत्र्यांनीं केली. त्या दाव्याच्या निषेधार्थ १९ जानेवारी रोजीं शिर्डींत बंद पाळला गेला, आणि आमच्या गांवाचें नांव एकाएकीं सर्वतोमुखीं झालें. बाबांचा जन्म कोठें झाला, या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु अशी घोषणा कोणत्याही गांवाविषयीं झाली, कीं तेथें जमिनीचे शोधक येऊं लागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ते सातबारा काढतात. वारस किती, 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा कोणाचा, कोणाच्या घरीं लग्न ठरलें आहे, कोणाचे भाऊ भांडत आहेत, याची चौकशी करतात. आणि गरजवंत मालकाच्या ओसरीवर जाऊन बसतात. एवढ्यावरून त्यांस दोष देणें योग्य होणार नाहीं. गरजवंतास पैसा हवा असतो आणि तो यांच्याजवळ असतो. दोघांचीही सोय होते.

त्याच सुमारास शहरांत राहणारा माझा एक स्नेही असाच पाथरीस आला. त्याच्या आग्रहावरून मी त्याच्याबरोबर एका वृद्ध शेतकऱ्याकडे गेलों. त्या शेताच्या कडेनें रस्ता जावयाचा आहे, हें माझ्या स्नेह्यानें आंखणीच्या नकाशावर स्वतः पाहिलें होतें, आणि वाटेंत मलाही सांगितलें होतें. चहा झाला, भावाची घासाघीस झाली, इसाराची रक्कम ठरली. तेव्हां म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही संगं आलात म्हणजे काळजी नाही. भाव बरोबर हाय ना?" मीं उत्तर देण्यापूर्वींच स्नेही म्हणाला, "काका, चालू बाजारभावाप्रमाणें आहे." तें अक्षरशः खरें होतें. मी गप्प बसलों.

त्या दिवसापासून हा प्रश्न मला सोडीत नाहीं. प्रथम मीं कायद्याचा आश्रय शोधला, आणि तो मिळाला. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे. दोन व्यापाऱ्यांपैकीं एकास भाव बदलल्याची खासगी बातमी असली, तरी ती दुसऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाहीं, असें उदाहरणच त्या कलमाखालीं दिलेलें आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें खरेदीदारावर एक बंधन घातलें आहे खरें. परंतु तें विकणाऱ्याच्या हक्काचें स्वरूप आणि व्याप्ति यांपुरतेंच. विकणारा आपला हिस्सा चौथाई समजत असेल आणि तो तिहाई आहे हें घेणाऱ्यास माहीत असेल, तर घेणाऱ्यानें तें सांगितलें पाहिजे. शेजारून रस्ता जाणार, हें सांगण्याचें बंधन त्यांत येत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें आम्ही दोघे निर्दोष ठरलों, परंतु तेवढ्यानें माझें समाधान झालें नाहीं.

हा वाद आजचा नव्हे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं सिसेरो या रोमन पंडितानें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत तो मांडला आहे. दुष्काळ पडलेल्या ऱ्होड्स बेटांत एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजें येत आहेत, हें त्यास ठाऊक असतें. तें त्यानें सांगावें काय? डायोजिनीस म्हणतो, न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. अँटिपेटर म्हणतो, मनुष्यमात्राचें हित एक आहे, म्हणून लपवितां येणार नाहीं. सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूस उभा राहतो. त्याच ग्रंथांत स्केव्होला नांवाच्या गृहस्थाची हकीकत आहे. त्यास एक मिळकत घ्यावयाची होती. त्यानें मालकास एकच काय ती किंमत सांगावयास लावली, आणि ती ऐकून 'माझ्या मतें हिची किंमत अधिक आहे' असें म्हणून एक लक्ष नाणीं वर दिलीं! हें सज्जनाचें कृत्य हें सर्वांनीं मान्य केलें, परंतु शहाण्याचें मानण्यास लोक तयार नव्हते, असें सिसेरो नमूद करतो. आजही लोक हेंच म्हणतील.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. ज्ञान हेंही श्रमाचें फळ आहे. ज्यानें अनेक गांवें हिंडून, जमिनी पाहून पारख मिळविली, त्यानें ती फुकट वाटून टाकावी काय? तसें झाल्यास कोणी श्रमच करणार नाहीं. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. 'पुढें येथें वस्ती वाढेल' ही घेणाऱ्याची अटकळ होय. ती खोटी ठरली तर बुडणार तोच. म्हणून ती मनांत ठेवण्याचा त्यास अधिकार आहे. परंतु आंखून ठेवलेला रस्ता ही अटकळ नव्हे, वस्तुस्थिति होय. आणि ती त्याच्या बुद्धीनें निर्माण झालेली नसून जमिनीच्या जागेमुळें प्राप्त झालेली आहे. जमीन ज्याची, ती बातमीही आधीं त्याची. अटकळ घेणाऱ्याची, परंतु वस्तुस्थिति दोघांची, एवढा भेद मला पटतो.

पाथरीच्या इतिहासांतही एक सौदा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते, असें फिरिस्ता सांगतो. म्हणून बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारानें वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, आणि मोबदल्यांत अधिक उत्पन्नाचा परगणा देऊं केला. इमादशहानें नकार दिला. तेव्हां १५१८ मध्यें ती तरवारीच्या बळावर घेतली गेली. पाहूं गेल्यास त्या सौद्यांत लपवाछपवी नव्हती. मागणाऱ्यास हें गांव उत्पन्नाहून अधिक मोलाचें आहे, हें देणाऱ्यास स्पष्ट दिसत होतें. नव्हतें तें नकाराचें स्वातंत्र्य. आज तें स्वातंत्र्य विकणाऱ्यास आहे, परंतु कशास नकार द्यावयाचा तेंच त्यास कळूं दिलें जात नाहीं. ज्ञान आणि नकाराचा अधिकार हीं दोन्हीं असल्यावांचून दिलेल्या संमतीस संमति म्हणणें कठीण आहे.

माझ्या बाबतींत तर डायोजिनीसचा भेदही उपयोगी पडत नाहीं. म्हाताऱ्यानें मला विचारलें होतें. ज्यास विश्वासानें विचारलें, त्याचें मौन हेंच उत्तर ठरतें. पुढें तो रस्ता झाला कीं नाहीं, हें या हिशेबांत गौण आहे. चूक घडली ती त्या ओसरीवर. म्हातारा अजून बाजाराच्या दिवशीं भेटतो, आणि आधीं तोच हात जोडतो. त्याची जमीन मीं घेतली नाहीं, हें खरें. परंतु तो नमस्कार मी फुकट घेत आहें, असें मला प्रत्येक वेळीं वाटतें. एके दिवशीं त्यास थांबवून सर्व कांहीं सांगणें एवढाच मार्ग मला दिसतो. आणि तें ऐकून त्यानें नमस्कार करणें सोडलें, तर त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला असणार नाहीं.