खांब बदलला, घर तेच

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावांत जुन्या घराची माडी उतरवायची की सावरायची, हा प्रश्न बहुधा पैशाचा हिशेब करून सोडवला जातो. माझ्या मते तो आधी तत्त्वाचा आहे. सागवानी खांब, तुळया, पाटणीच्या फळ्या, जिना, सगळं एकेक करून बदललं तर उभं राहिलेलं घर तेच म्हणायचं का? उत्तर शोधायला लांब जायला नको. कारंज्याला दिगंबर जैनांच्या भट्टारकांची पीठं होती. तिथलं काष्ठासंघाचं मंदिर लाकडी कोरीव कामासाठी ओळखलं जातं. जैन दर्शन सांगतं की प्रत्येक वस्तूत उपजणं, नासणं आणि टिकणं एकाच वेळी चालू असतं. जैन आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत सोन्याच्या घटाचा दाखला दिला आहे: घट मोडून मुकुट घडवला तर घट हवा असलेला हळहळतो, मुकुट हवा असलेला हरखतो आणि सोनं हवं असलेला शांत राहतो.

माडीच्या बाबतीत मात्र हा दाखला उलटा होतो. घटात द्रव्य टिकतं आणि आकार जातो. माडीत लाकूड जातं आणि आकार टिकतो. द्रव्यालाच घर मानलं, तर मोडलेल्या वाड्याचे खांब विकत घेऊन एखाद्या हॉटेलात उभे केले की वाडा तिकडे गेला म्हणावं लागेल. ते कुणालाच पटणार नाही. तिकडे लाकूड गेलं, घर संपलं. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन तर म्हणतो की चाक, आस, जू यांहून वेगळा रथ सापडत नाही, ‘रथ’ हे व्यवहारातलं नाव आहे. मला तेवढ्याने समाधान होत नाही. खांब, तुळई आणि भिंत ज्या रीतीने एकमेकांचा भार घेतात, ती रीत नावाइतकी पोकळ नसते. पावसाळ्यात तिच्या भरवशावर माणसं झोपतात.

आणि ही रीत पुढे कशी जाते, ते सुताराच्या कामात दिसतं. खांब बहुधा तळाशी कुजतो, कारण दगडी उथळ्यावर ओल धरते आणि उधई तिथूनच चढते. जाणता सुतार आधी तुळईला टेकू देतो, मग खांब काढून नव्या लाकडाशेजारी आडवा ठेवतो. उंची, जाडी, तुळईत बसणाऱ्या टोकाचं माप, सगळं जुन्यावरून नव्यावर उतरतं. कुजलेला खांब जाता जाता आपलं माप देऊन जातो. जुन्याकडून नव्याकडे असं काही सोपवणं देवस्थानांतही दिसतं. पुरीला नवकलेवरात, म्हणजे देवांच्या लाकडी मूर्ती बदलण्याच्या विधीत, १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये, जुन्या मूर्तींतला, त्यांचा प्राण मानला जाणारा ब्रह्मपदार्थ कडुनिंबाच्या नव्या मूर्तींत ठेवला गेला. जपानात इसेचं लाकडी देवस्थान दर वीस वर्षांनी नवं बांधतात, तेही जुनं उभं असताना, शेजारच्या जागेवर. कुणी म्हणेल, घरात ब्रह्मपदार्थ कुठे? घरात माप आहे. हातातून हातात जाणारं तेवढं पुरे.

पूर्वजांचा हात लागलेलं लाकूड गेलं, ही हळहळ खरी आहे, आणि घटासाठी हळहळणाऱ्याला समंतभद्रही खोटं ठरवत नाहीत. पण कुजलेलं लाकूड जपायचं म्हणून माडी खचू देणं म्हणजे त्याच पूर्वजांनी उभारलेलं घर गमावणं. मग त्याच नकाशावर सिमेंटचा स्लॅब टाकला तर? ते घर चांगलं असेल, मजबूतही असेल, पण वेगळं असेल. सगळं एकदम पाडलं की माप द्यायला मागे कुणी उरत नाही. म्हणून खांब पोकळ वाजू लागला की पावसाळ्याची वाट पाहू नका. तो उभा आहे तोवर सुताराला बोलवा.