कायदा कुणाचा?



परवा विहारात मीटिंग होती. एक मित्र ताडकन उठला नि म्हणाला, "कायदा त्यांचा, तुरुंग आपला. कलमं कशाला पाठ करायची?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग रातपाळीला गेलो. रिंग खात्यात रात्रभर तुटलेले धागे जोडत होतो, पण त्याचं वाक्य डोक्यातनं जाईना. कारण ते अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं फार घातकी.

शाळा माझी आठवीत सुटली. कायदा पुस्तकातनं थोडा, धक्के खाऊन जास्त शिकलो. चुकलो तर सांगा.

कायदा होतो कसा? विधेयक मांडलं जातं. लोकसभा, राज्यसभा, दोन्हीकडं ते मंजूर व्हावं लागतं. राष्ट्रपतींची सही होते, राजपत्रात छापलं जातं. मग सरकार त्याचे नियम करतं. राज्याच्या विषयावर हेच काम विधिमंडळ करतं, सही राज्यपालांची. सगळ्यांच्या वर संविधान. मूलभूत हक्कांना धक्का लावणारा कायदा कोर्ट रद्द करू शकतं. एवढं परीक्षेला पुरतं. जगायला पुरत नाही.

महाड घ्या. १९२३ च्या ऑगस्टात मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! तीन वर्षं आपल्या माणसाचा हात त्या पाण्याला लागला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली, ओंजळ भरली, तेव्हा कुठं त्या ठरावात जीव आला.

मग सवर्ण कोर्टात गेले. म्हणाले, तळं आमचं, तशी रूढीच आहे. डिसेंबरात कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो माणसं पुन्हा महाडला जमलेली. बाबासाहेबांनी काय केलं? २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि कोर्टाचा हुकूम मात्र पाळला. लढा कोर्टात नेला. १९३७ ला हायकोर्टात जिंकले. रूढी अनादी काळापासूनची आहे, हे समोरच्यांना शाबीत करता आलं नाही.

इथं मी पुष्कळ दिवस अडखळलो. एक कायदा जाळायचा, दुसरा पाळायचा, हे कसं? मला उमगलं ते असं. मनूच्या कायद्यात आपल्याला अपील नव्हतं. जन्म हाच निकाल. कोर्टाचा हुकूम चुकीचा होता, पण त्याच कोर्टात उभं राहून "तुम्ही चुकलात" म्हणता येत होतं. ज्या कायद्यात आपल्याला तोंडच नाही, तो पाळणं म्हणजे गुलामी. ज्यात तोंड आहे, त्यात घुसायचं आणि भांडायचं.

संविधानात कलम १३ बघा. कायद्यासारखी चालणारी रूढीसुद्धा त्यात कायदा म्हणून धरलीय. ती मूलभूत हक्काच्या आड आली तर रद्द. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली, पण शिक्षा किती ते त्यात नाही. ते संसदेनं ठरवायचं. तो कायदा आला १९५५ ला. ॲट्रॉसिटीचा १९८९ ला. त्याचे नियम १९९५ ला. १९५० पासून मोजा. पंचेचाळीस वर्षं!

आणि झालेला कायदा तसाच राहतो असंही नाही. २० मार्च २०१८. तारीख महाडचीच! सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्यात अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी असल्या गोष्टी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. माणसं मेली. ऑगस्टात संसदेला कलम १८-अ घालावं लागलं. २०१९ ला कोर्टानं आपल्याच त्या सूचना मागं घेतल्या, २०२० ला १८-अ वैध ठरवलं. आता सांगा, हे कलम कुणी केलं? हात वर केले संसदेत. पण ते वर करायला लावले रस्त्यानं.

आता माझं. गावी मावशीला नळावर जातीवरनं शिव्या दिल्या, हंडा भिरकावला. मी खाडा करून तिला घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "किरकोळ बाब आहे. समज देतो त्यांना." साध्या कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. मावशी म्हणाली, "चल रे बाबा घरी. आपल्याला तिथंच ऱ्हायचंय." तिचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. म्हटलं, "साहेब, याच कायद्यात कलम ४ आहे. कामात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा आहे." साहेबानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तिसऱ्या खेपेला गुन्हा नोंदला, फिर्यादीची नक्कल फुकट हातात पडली. तीन खाडे गेले, तीन दिवसांचा पगार गेला. केस चालू आहे. मावशी त्याच नळावर जाते.

म्हणून मित्रा, तुरुंग आपला, हे तुझं खरं. पण कायदा त्यांचा म्हणून सोडून दिलास, तर ठाण्यातल्या त्या टेबलावर तो "किरकोळ बाब" होऊन संपतो. दिल्लीत कितीही सह्या झाल्या तरी.

पुढच्या मीटिंगला टाळ्या कमी वाजवू. वस्तीत कुणाची फिर्याद घेत नसतील तर दोघांनी सोबत जायचं. तरी घेतली नाही, तर लेखी तक्रार एसपीला टपालानं पाठवायची, पावती जपून ठेवायची. आणि कलमं पाठ करायची. आपली माणसं पाण्यापर्यंत चालत गेली, त्याचीच ती नोंद आहे.

जयभीम.