नाव एक, श्रद्धा दोन

आमच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांचे पूर्वज जालन्याचे. निजामाच्या अमदानीत आजोबा नोकरीनिमित्त हैदराबादेस आले आणि आमच्या आजोबांप्रमाणेच कायमचे येथले झाले. त्यांच्या घरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने अजून पेटीवर म्हटली जातात. नाताळचा फराळ आमच्याकडे येतो, दिवाळीचा त्यांच्याकडे जातो. या घरातील वडीलधारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. एका संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले, ते अस्वस्थ होते.

त्यांचा पुतण्या काही वर्षांपूर्वी मॉर्मन पंथात गेला. तेव्हा त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, कारण तान्हेपणी आपल्या मंडळीत झालेला बाप्तिस्मा तो पंथ मानीत नाही. ते दुःख काकांनी गिळले होते. आता तो घराण्यातील मृतांची नावे आणि जन्ममृत्यूच्या तारखा मागत होता. त्या पंथाच्या मंदिरांत जिवंत माणूस मृताच्या वतीने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेऊ शकतो, आणि आजोबा-पणजोबांसाठी तसे करावे अशी त्याची इच्छा होती. काका म्हणाले, "भाऊसाहेब, माझे आजोबा ख्रिस्ती म्हणून जगले, ख्रिस्ती म्हणून मेले. त्यांच्या कबरीवर क्रूस आहे. त्यांना पुन्हा ख्रिस्ती कोण करणार? आणि हा म्हणतो, काका, मी ख्रिस्ताला सोडलेले नाही. मग आम्ही दोघे एकाच धर्माचे की नाही?"

आम्ही ख्रिस्ती नाही, त्यामुळे न्यायाधीशाचे आसन आमचे नव्हे. तरीही हा प्रश्न आम्हांस विचारण्यात आला होता, आणि 'देव शेवटी एकच' असे म्हणून चहाचा कप पुढे करणे आम्हांस बरे वाटले नाही. त्यानंतर जे वाचले आणि जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या पंथाचे अधिकृत नाव 'अंत्यदिनांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी' अशा अर्थाचे आहे. 'मॉर्मन' हे लोकांनी दिलेले नाव. २०१८ मध्ये त्यांचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ते टाळून ख्रिस्ताचे नाव असलेले पूर्ण नाव वापरावे, असा आग्रह धरला. आम्ही येथे प्रचलित नाव केवळ सोयीसाठी वापरीत आहोत, त्यात अनादर नाही. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतात झाला. न्यूयॉर्क प्रांतातील पालमायरा गावी किशोरवयात, १८२० मध्ये, कोणती मंडळी खरी असा प्रश्न घेऊन ते रानात प्रार्थनेस बसले. तेथे पिता आणि पुत्र यांनी दोन स्वतंत्र व्यक्तींच्या रूपात दर्शन दिले, आणि अस्तित्वात असलेल्या कोणत्याही मंडळीत जाऊ नकोस, कारण त्या सर्व चुकल्या आहेत, असे सांगितले, असे त्यांचे कथन आहे. १८३० मध्ये 'मॉर्मनचे पुस्तक' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी मंडळीची स्थापना झाली. १८४४ मध्ये इलिनॉय प्रांतात जमावाने तुरुंगात घुसून स्मिथ यांची हत्या केली. पुढे ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. आज या मंडळीची सभासदसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आहे. आपल्याकडेही तिचे पाऊल जुने आहे. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचे त्यांचे प्रचारक मुंबई आणि पुणे येथे आले होते. भारतातील त्यांचा पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा विभाग, २०१२ मध्ये आमच्या हैदराबादेतच स्थापन झाला.

काकांच्या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मॉर्मनांची मते इतर ख्रिस्ती मंडळ्यांच्या मतांशी जुळतात काय, हा पहिला. मॉर्मनांना ख्रिस्ती म्हणावे काय, हा दुसरा. पहिला तत्त्वाचा, दुसरा नावाचा. दोहोंना एकच उत्तर दिले की कोणावर तरी अन्याय होतो.

पहिला प्रश्न घेऊ. साम्य थोडे नाही. येशू हा देवाचा पुत्र आहे, त्याने मानवाच्या पापांसाठी प्राण दिला, तो मेलेल्यांतून उठला आणि त्याच्यावाचून तारण नाही, हे मॉर्मन मनापासून मानतात. बायबल ते वाचतात. 'मॉर्मनचे पुस्तक' म्हणजे येशू ख्रिस्ताविषयीची आणखी एक साक्ष, असे उपशीर्षक १९८२ पासून त्यांनी त्या ग्रंथास जोडले आहे. परंतु देव म्हणजे कोण, येथपर्यंत खाली उतरले की वाटा फुटतात.

इ. स. ३२५ मध्ये निकीया येथे भरलेल्या धर्मसभेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, निर्माण केलेला नव्हे, असे ठरविले. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनंतर स्थिरावलेला तो मतांगीकार गोव्यातील चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत आजही म्हटला जातो. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनाही तो मान्य आहे. त्याचे सार असे, की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव आहे. तो देव अशरीरी आणि अनादी असून त्याने सर्व काही शून्यातून निर्माण केले. निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये एक दरी आहे. देव कृपेने ती ओलांडून माणसाकडे येतो, परंतु ती दरी नाहीशी होत नाही.

मॉर्मन मत याहून निराळे आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन वेगळ्या व्यक्ती असून त्यांचे ऐक्य हेतूचे आहे, सत्त्वाचे नव्हे. पित्यास माणसासारखेच हाडामांसाचे शरीर आहे, असे १८४३ च्या त्यांच्या शास्त्रवचनात सांगितले आहे. जडद्रव्य अनादी आहे, देवाने त्याची रचना केली. सांख्यांची प्रकृती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. सर्व माणसे देवाची आत्मिक लेकरे आहेत आणि येशू त्यांच्यातील ज्येष्ठ आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधी केलेल्या प्रवचनात स्मिथ यांनी देवही एकेकाळी माणसासारखा होता आणि माणसानेही देवपद गाठावयाचे आहे, असे सांगितले. या विधानाच्या पूर्वार्धावर मॉर्मन व्यासपीठांवरून आता फारसे बोलले जात नाही, परंतु उत्तरार्ध त्यांच्या आशेचा गाभा आहे. म्हणजे एका बाजूस देव आणि माणूस यांची जातच भिन्न आहे, तर दुसऱ्या बाजूस जात एक असून फरक अवस्थेचा आहे. हा भेद किरकोळ नाही, पायाचा आहे.

यावर मॉर्मन विद्वानांचे उत्तर दुबळे नाही. निकीयापूर्वीची तीन शतके ख्रिस्ती लोक तो मतांगीकार न म्हणताच जगले, मग ते ख्रिस्ती नव्हते काय, असे ते विचारतात. चौथ्या शतकातील अथानासियस यांच्यासारख्या आचार्यांनीही माणसाने देवरूप व्हावे म्हणूनच देव माणूस झाला, अशा अर्थाचे लिहिले आहे, याकडेही ते लक्ष वेधतात. पहिला आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. मतांगीकार मुखोद्गत नसणे आणि तो नाकारणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या आक्षेपाविषयी एवढेच म्हणावयाचे, की अथानासियस यांचा माणूस कृपेने देवाच्या जीवनात सहभागी होतो, देवाच्या जातीचा होत नाही. अग्नीत ठेवलेले लोखंड लाल होते, तरी ते लोखंडच राहते.

शब्द तेच असूनही अर्थ किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. कॅथलिक चर्च प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा सर्वसाधारणपणे ग्राह्य धरते. पाणी असावे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव असावे आणि हेतू योग्य असावा, एवढे पुरते. मॉर्मन बाप्तिस्म्यातही पाणी आहे आणि तीच तीन नावे आहेत. तरीही ५ जून २००१ च्या निर्णयाने व्हॅटिकनने तो अग्राह्य ठरविला. त्या निर्णयावर पुढे पोप झालेल्या कार्डिनल रात्झिंगर यांची सही आहे. उच्चारलेली नावे तीच असली, तरी त्यांनी निर्दिष्ट होणारा देव तो नव्हे, अशी त्यामागील भूमिका होती. अमेरिकेतील युनायटेड मेथॉडिस्ट मंडळीनेही २००० मध्ये, मॉर्मन पंथातून येणाऱ्यांस नव्याने बाप्तिस्मा द्यावा असे ठरविले. मॉर्मनांचीही रीत उलट बाजूने तीच आहे. ते कोणत्याच अन्य मंडळीचा बाप्तिस्मा मानीत नाहीत. बाप्तिस्म्यापुरते तरी दोन्ही पक्षांचे एकमत आहे, की आपण एक नाही.

हे एकमत आम्हांस अर्थपूर्ण वाटते. जुन्या मंडळ्या अधिकार गमावून भरकटल्या आणि तो स्मिथ यांच्याद्वारे पुन्हा प्रस्थापित झाला, हेच तर मॉर्मन पंथाच्या अस्तित्वाचे कारण. आमची मते तुमच्याशी मुळात जुळतात, असे त्याने म्हटले, तर १८३० मध्ये नवी मंडळी काढण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की दोन्ही श्रद्धांत नाते आहे, पण पायाच्या ठिकाणी त्या जुळत नाहीत.

येथे आपल्याकडील एक सवय आडवी येते. सर्व नद्या समुद्रासच मिळतात, असे म्हणून आपण वाद मिटवितो. या सवयीमागे औदार्य आहे, तसा आळसही आहे. समोरच्याची श्रद्धा नेमकी काय म्हणते हे ऐकून न घेताच तिला 'तेच ते' म्हणणे, हा तिचा आदर नव्हे. आपल्या पूर्वसूरींनी असे केले नाही. शंकराचार्य आणि मध्वाचार्य यांनी एकच प्रस्थानत्रयी प्रमाण मानली, आणि तरीही त्यांच्या अनुयायांनी शतकानुशतके एकमेकांची मते नेटाने खोडून काढली. दर्शनांचे आस्तिक आणि नास्तिक असे वर्ग करताना त्यांनी ईश्वर मानता काय असे विचारले नाही, वेद प्रमाण मानता काय असे विचारले. त्यामुळे निरीश्वर सांख्य आत राहिले आणि जैन, बौद्ध बाहेर गेले. सीमा आपणही आखल्या, फक्त आपली कसोटी प्रमाणाची होती, आणि निकीयाची कसोटी ख्रिस्त कोण ही आहे. गंमत अशी, की आपल्या कसोटीवरही मॉर्मन पंथ वेगळाच पडतो, कारण बायबलच्या जोडीला तो आणखी तीन ग्रंथ शास्त्र म्हणून मानतो.

आता दुसरा प्रश्न, नावाचा. सीमा आखणे बुद्धीचे काम आहे, परंतु सीमेपलीकडच्या माणसाशी कसे वागावे हा नीतीचा विषय आहे. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसूरी प्रांताचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांचा समूळ नायनाट करावा किंवा त्यांना प्रांताबाहेर घालवावे, असा हुकूम काढला. हजारो कुटुंबांना ऐन हिवाळ्यात घरदार सोडावे लागले. तो हुकूम औपचारिकपणे रद्द झाला १९७६ मध्ये. त्या वैरात जमिनीचा, मतांचा आणि गुलामगिरीच्या वादाचाही भाग होता, परंतु 'हे आपल्यातले नव्हेत' या वाक्याने हात सैल केले, यात शंका नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये फुलर सेमिनरीचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड मौ यांनी सॉल्ट लेकच्या सभागृहात उभे राहून, आम्ही तुमच्या मतांचा विपर्यास केला, तुमच्याविषयी खोटी साक्ष दिली, अशी कबुली देऊन क्षमा मागितली. मौ यांनी मतभेद सोडले नव्हते. मतभेद कायम ठेवून क्षमा मागता येते, हेच त्या प्रसंगाचे मोल आहे.

कोणी स्वतःस काय म्हणवावे, हे त्याच्या अंतःकरणाने ठरवावे. ती व्यक्ती आपल्या मंडळीची सभासद आहे काय, हे मात्र त्या मंडळीने ठरवावे. याबाबतीत टिळकांचे चरित्र आम्हांस मार्गदर्शक वाटते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस जागा ठेविली. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी हलका मानला नाही, पण भक्ताला भक्त म्हणण्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखलाही मागितला नाही. त्यांच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत झाली नाही.

काकांना आम्ही इतके सारे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, की पुतण्या ख्रिस्ताला मानतो हे खरे धरा, आणि तुमचा बाप्तिस्मा त्याच्या मंडळीच्या मान्यतेवाचून अपुरा नाही हेही खरे धरा. ही दोन्ही सत्ये एका घरात राहू शकतात, दोन्ही लपविली तर मात्र घर आतून पोखरते.

पुढच्या रविवारी त्यांनी पुतण्यास जेवावयास बोलाविले. जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या हस्ताक्षरात लिहिलेली नावे आणि तारखा त्याला उतरून घेऊ दिल्या. "वंशावळीसाठी घे, बाळ," ते म्हणाले, "ही तुझीही माणसे आहेत. पण त्यांच्या नावाने पाण्यात उतरू नकोस. त्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे." पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मला वाटते त्यांना तो हवा असेल. पण तुमची संमती नसताना मी करणार नाही." दोघांनीही आपले मत सोडले नाही. जेवणाआधीची प्रार्थना कोणी करावी, असा क्षणभर प्रश्न पडला. काकांनी पुतण्यास खूण केली आणि त्याने ती ख्रिस्ताच्या नावाने केली. तिच्या शेवटी काकांनी 'आमेन' म्हटले. ते म्हणताना तुम्हांला काय वाटले, असे आम्ही त्यांस विचारले नाही.