थापटणं

आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. एसटी स्टँडवरच्या पाट्या तो तिसऱ्या वर्षीच वाचायला लागला. परवा पंढरपूरला जाताना कंडक्टरच्या आधी यानंच हिशेब केला, "बाबांचं फुल, आईचं अर्धं, माझं अर्धं. म्हणजे दोनच तिकिटं झाली की!" शाळेत मात्र हा बाकाखाली जाऊन बसतो. बाई म्हणतात, हट्टी आहे. नणंद म्हणते, एकदा बुद्ध्यंक काढून घ्या, काय ते कळेल तरी. हे म्हणतात, कळून करायचंय काय?

महिनाभर माझ्या डोक्यात गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट घोळते आहे. तेरला संतमेळा जमला होता. मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढा कळवळला. मडकं कच्चं ठरलं. लहानपणी ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलानं खाल्ला म्हणतात, तोच हा नामदेव! रागावून तो पंढरीला गेला, तर देवानंही त्याला औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडलं. कच्चं म्हणून त्याला कुणी टाकून दिलं नाही, त्याला गुरू मिळाला. माझ्या मते गोष्टीचं सगळं मोल इथं आहे.

पण नामदेव मोठा होता. रुसायला त्याला हक्काचा देव होता. माझ्या पोराला लागलं तर ते त्याला सांगताही येणार नाही. आणि त्याला स्वतःची ओळख पटायच्या आधी ती मी कागदावर मागून घ्यायची, हा अधिकार आईला तरी आहे का?

माझं माहेर कुंभारवाड्याला लागून. बाहेरून थापटणं पडतं तेव्हा कुंभाराचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो, हे मी तासन् तास बसून पाहिलंय. आतला हात नसेल तर ओलं मडकं बसतंच.

शेवटी हा बुद्ध्यंक आला कुठून ते वाचलं. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमत्तेची पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं म्हणून. बिने १९११ साली गेला. मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायची कल्पना विल्यम श्टेर्ननं मांडली ती १९१२ साली. म्हणजे आज ज्या आकड्यासाठी आपण जीव टाकतो, तो बिनेनं कधी मागितलाच नव्हता. हे वाचलं त्या रात्री मला शांत झोप लागली.

मग मी समुपदेशक बाईंना फोन केला. म्हटलं, हा कुठं अडतो, बाकाखाली का जातो, शाळेनं काय करावं, एवढं लिहून द्या. आकडा तुमच्या फाइलीत राहू दे. त्यांनी मान्य केलं. तो दमला की चाचणी तिथंच थांबवायची, हेही.

मंगळवारची वेळ मिळाली आहे. नणंद पहिल्यांदा आकडाच विचारणार, आणि तो माझ्याकडे नसेल.