वेळासची सकाळ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर मार्चमधल्या एखाद्या सकाळी उभं राहावं. टोपली अलगद कलते आणि तळहातावर मावतील एवढी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं ओल्या वाळूवर उतरतात. त्यांना कुणी उचलून पाण्यात सोडत नाही. ती आपली आपण चालतात. लाट मागे लोटते, पिल्लू उलटंपालटं होतं आणि पुन्हा समुद्राकडेच वळतं. बघणाऱ्याचा जीव नुसता वरखाली होतो!

एके काळी इथली अंडी चोरीला जायची. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं ती जपली. मला पिल्लांइतकंच कौतुक वाटतं ते अंधारात किनारा पालथा घालून घरटी शोधणाऱ्या या माणसांचं. जमलं तर मुलांना घेऊन जा. बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडेच थांबा आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा.